बॅटरीवर कोण कोण

धाकटा भाऊ येणार म्हणून वहिनीने बैठकीतले पडदे बदलले होते आणि वडिलांनी, म्हणजे नानांनी, सकाळी सकाळी दाढी उरकली होती. ताईने मात्र काही वेगळं केलं नाही. ती रोजच्यासारखी मागच्या खोल्यांत गेली, उबवणीच्या मोठ्या मशीनचं तापमान बघितलं, पाण्याचे ट्रे भरले, काही अंडी छोट्या दिव्यावर धरून आत जीव धरलाय ना ते तपासलं आणि हात धुऊन बैठकीत येऊन बसली. सगळ्यांना बोलावणं तिनेच धाडलं होतं. काय हवंय हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिला घाई नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, भर दुपारी, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. वीज परत यायला दुसरा दिवस उजाडला. जनरेटर होता, पण दोरी ओढून ओढून ताईचा खांदा भरून आला तरी तो दोनदा खोकला आणि गप्प बसला. नेमकी त्याच दिवशी एक अख्खी खेप पिल्लं बाहेर पडायच्या बेतात होती. कवचांना आतून चोची मारून झाल्या होत्या. पंखा थांबला, ऊब गेली. वहिनी स्वयंपाकघरात पाणी तापवत राहिली, ताई गरम पाण्याच्या पिशव्या पेटीत ठेवत राहिली, घरातली सगळी ब्लँकेटं मशीनभोवती गुंडाळली. तरी वाचली ती थोडकीच. ताई त्यानंतर रडली नाही की कुणावर डाफरली नाही. तिने ट्रे रिकामे केले, मशीन धुऊन वाळवलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे स्वतः जाऊन सांगितलं की या खेपेला पिल्लं मिळणार नाहीत, आणि असं पुन्हा होणार नाही.

पुन्हा होणार नाही हे तर बोलून झालं. मग ती ते कसं होणार नाही याच्या मागे लागली.

तिने दुकानं पालथी घातली नाहीत, घरं पालथी घातली. ज्यांच्या गच्चीवर सोलर बसून बरीच वर्षं झाली होती अशी माणसं शोधून काढली आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. दोनच प्रश्न विचारायची: वीज गेली की काय होतं, आणि बिघडलं की कोण येतं. एका निवृत्त मास्तरांच्या गच्चीवर लोखंडी सांगाडा गंजून तांबडा झाला होता, पॅनेलच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि विकणाऱ्याचा फोन कधीच लागत नव्हता. मास्तर ओशाळून म्हणाले की त्याने वॉरंटी तर आयुष्यभराची दिली होती. ताईने मनात म्हटलं, कुणाच्या आयुष्याची ते विचारायचं राहिलं असेल. उलट एका आइस्क्रीमवाल्याच्या गच्चीवर जस्ताचा मुलामा दिलेले खांब अजून चकचकीत होते. प्रत्येक पॅनेलच्या पाठीवर नंबर होता आणि तो कंपनीच्या साइटवर टाकला की पॅनेल कधी, कुठे तयार झालं ते समोर यायचं. वीज गेली तर काय होतं, असं विचारल्यावर आइस्क्रीमवाल्याने उत्तर देण्याऐवजी उठून मेन स्विच खाली ओढला. फ्रीझरची घरघर तशीच चालू राहिली. ताईने तिथेच उभ्या उभ्या त्याच्याकडून सोलरचं काम करणाऱ्या बाईचा नंबर घेतला.

आता एवढं सगळं झाल्यावर घरच्यांना विचारायचं काय राहिलं, असं वहिनीने तिला आदल्या दिवशी विचारलंच होतं. राहिली होती ती गच्ची. मशीन ताईचं, धंदा ताईचा, खर्चही ती आपल्या धंद्यातून उचलणार होती. पण गच्ची सगळ्यांची होती.

धाकटा आला तो मोबाइल कानाला लावूनच. तो दुसऱ्या शहरात गाड्यांच्या शोरूममध्ये होता, आणि घरातली कुठलीही अडचण त्याच्या ओळखीतला कुणीतरी सोडवू शकतो यावर त्याचा गाढ विश्वास होता. नानांच्या पाया पडून, खुर्चीत नीट टेकायच्या आत त्याने जाहीर केलं की ताईने आता डोक्याला त्रास करून घ्यायचा नाही, त्याच्या मित्राकडे सगळं जमवून ठेवलंय, पॅनेल, इन्व्हर्टर, फिटिंग एकाच पॅकेजमध्ये, आणि तेही चार दिवसांत. दादा ऐकत होता. दादा म्हणजे थोरला. घरांचे नकाशे काढायचा आणि बोलतानाही रेघ आखल्यासारखं मोजून बोलायचा. तो एवढंच म्हणाला की धाकट्याने ठरवलंच असेल तर मग ही बैठक कशाला.

"ठरलेलं नाही अजून," ताई म्हणाली. "लाव त्याला फोन. मला विचारायचंय."

मित्र फोनवर आला आणि सुरुवातीलाच म्हणाला की मॅडम, लाइटचं बिल विसरून जा.

"बिलाचं मी विचारतच नाहीये," ताई म्हणाली. "दुपारची वेळ आहे, कडक ऊन आहे आणि रस्त्यावरची वीज गेली. तुमची पॅनेलं तेव्हा काय करतात?"

मित्राने सांगितलं की तेव्हा ती बंद होतात. तसाच नियम आहे. बाहेर तारांवर माणूस काम करत असेल तर त्याला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून या प्रकारचा इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो.

"म्हणजे वर ऊन आणि खाली माझं मशीन बंद."

मित्राने घाईने बॅटरीचं सुचवलं. ताईने विचारलं, याच इन्व्हर्टरला बॅटरी जोडता येते का. तो म्हणाला की नाही, मग इन्व्हर्टर दुसरा लागेल, बॅटरीवर चालणारा, आणि मग पॅकेजही दुसरं होईल. पॅनेल कुठल्या कंपनीची आहेत, याचं उत्तर त्याने 'एकदम चांगल्या' असं दिलं. धाकट्याने फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला आणि बोलत बोलत व्हरांड्यात गेला.

नानांना कमी ऐकू यायचं, पण हवं तेवढं बरोबर ऐकू यायचं. ते म्हणाले, "म्हणजे छत्री घ्यायची आणि पाऊस आला की मिटायची."

वहिनी हसली. दादा हसला नाही.

व्हरांड्यातून परत आलेला धाकटा वेगळाच होता. मित्र तोंडघशी पडला म्हणजे आपणही पडलो, असं त्याने धरलं होतं. आता त्याचं म्हणणं पडलं की सोलरचं खूळच कशाला, एक चांगला नवा जनरेटर आणला की काम झालं. ताईने शांतपणे सांगितलं की जनरेटरचा धूर मागच्या खोल्यांत शिरतो, अंड्याचं कवच हवा आत घेतं, आणि त्याच्या आवाजावरून शेजाऱ्यांनी आधीच एकदा दार ठोठावलंय. शिवाय जनरेटर सुरू करायला माणूस जागेवर लागतो, आणि तिला कधीतरी दवाखान्यात, बाजारात, लग्नाला जायचं असतं. धाकटा दादाकडे वळला. दादाने मान हलवली, आणि ताईला कळलं की हे दोघं आता एका बाजूला गेले. लहानपणी खेळात राज्य घ्यायची वेळ आली की जायचे तसेच.

"खरं सांगू का," दादा म्हणाला, "मला जनरेटरशी देणंघेणं नाही. मला गच्ची हवी आहे. वर मजला चढवायचाय. ही पॅनेलं एकदा बसली की पंचवीस वर्षं हलत नाहीत. मग माझ्या पोरीने परत आल्यावर राहायचं कुठे?"

हे येणार हे ताईला ठाऊक होतं. दादाने त्या मजल्याचा नकाशा पोरगी शिकायला परदेशी गेली त्याच वर्षी काढला होता, आणि दरवर्षी तो त्यात काहीतरी सुधारायचा. कधी बाल्कनी रुंद व्हायची, कधी जिना फिरायचा. ताईने उत्तर तयार ठेवलं होतं: अर्धीच गच्ची लागेल, अर्धी तुझी. पण तिला ते बोलावं लागलं नाही. वहिनी कप गोळा करत होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"ती येणार नाहीये," वहिनी म्हणाली. "तिकडेच घर घेतेय. तुम्हाला सांगायला तिने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्ही तिला खिडक्या कुठे हव्यात ते विचारत बसलात."

दादाने वहिनीकडे बघितलं, मग नानांकडे, मग नुसतंच समोर. ताईला गच्ची हवी होती, पण अशी नको होती. वहिनीचा चेहरा लाल झाला होता, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. ट्रे उचलून ती आत गेली, आणि आत गेल्यावर नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. दादा उठला, चपला घातल्या आणि बाहेर पडला.

धाकटा हळूच म्हणाला, "मला हे माहीत नव्हतं."

"वहिनी सोडून कुणालाच नव्हतं," ताई म्हणाली. "आता माहीत झालं."

नाना बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते. मग म्हणाले की गच्ची अजून त्यांच्या नावावर आहे, वीज कंपनीच्या अर्जावर सही त्यांचीच लागणार आहे, आणि ती ते करणार आहेत. "पंचवीस वर्षं मी काही इथे नाही. मी त्याच्या आधीच वर जाणार. गच्चीच्याही वर. तेव्हा माझी काळजी न करता बसवा."

सोलरवाली दुपारी आली. तिशी ओलांडलेली, पायात जाड बूट, हातात टेप. गच्चीवर गेल्या गेल्या तिने पॅनेलचं काहीच काढलं नाही. आधी पाण्याच्या टाकीभोवती फिरली. टाकी नानांनी उभ्या राहून बांधून घेतलेली, पक्क्या विटांची, माणसापेक्षा थोडी उंच. तिची सावली दुपारनंतर गच्चीवर लांब पसरायची. सोलरवालीने समजावलं की पॅनेलं एकमेकांना माळेसारखी जोडतात, त्यातल्या एकावर सावली पडली तरी सगळ्या माळेचा जोर उतरतो. म्हणजे एक तर टाकी पाडावी लागेल, नाहीतर पॅनेलं दक्षिणेच्या मोकळ्या भागात न्यावी लागतील. दक्षिणेचा मोकळा भाग म्हणजे नेमका दादाचा मजला. ताईने ते ऐकून घेतलं आणि आत्ता यावर बोलायचं नाही, असं तिला सांगितलं. मग सगळे खाली बैठकीत आले, आणि खरी मजा तिथे झाली.

इन्व्हर्टर कुठला घ्यायचा यावर वाद नव्हता; रस्त्यावरची वीज, ऊन आणि बॅटरी तिन्ही सांभाळणारा, वीज गेली तर डोळ्याची पापणी लवायच्या आत घर आपल्याकडे घेणारा. त्याची कंपनी ताईने अशी निवडली होती जिचा दुरुस्तीचा माणूस याच शहरात बसतो. बॅटरीवर धाकट्याने एकदा तोंड उघडलं. जुन्या पाण्याच्या बॅटऱ्या काय वाईट होत्या, असं तो म्हणाला. ताईने सांगितलं की त्यांच्यात पाणी घालत बसावं लागतं, अर्ध्याखाली उतरवल्या की त्या लवकर मरतात आणि त्यातून निघणारा वायू तिला अंड्यांच्या शेजारी नको आहे. लिथियमची घ्यायची, आणि त्यातलीसुद्धा सहसा पेट न घेणाऱ्या जातीची. सोलरवालीने नुसती मान डोलावली. तिच्या वाटचं ताईच बोलत होती, आणि तिला ते आवडत होतं.

"आता मला सांगा," सोलरवाली म्हणाली, "बॅटरीवर कोण कोण? टाकी समजा तिला. पाणी भरलंय तेवढंच आहे. किती नळ सोडायचे ते तुम्ही ठरवायचं."

मशीनं आणि त्यांच्या खोल्यांतले पंखे पहिले, याला कुणाची हरकत नव्हती. फ्रिजलाही नव्हती. मग घरातलं एकेक माणूस उलगडायला लागलं. धाकटा, जो वर्षातून दोनदा यायचा, त्याला पाहुण्यांच्या खोलीतला एसी बॅटरीवर हवा होता. सोलरवालीने त्याला सांगितलं की एसी आणि पाण्याचा पंप सुरू होताना एकदम एवढी वीज ओढतात की बाकीचे उपाशी राहतील. वहिनी दुपारी शिकवण्या घ्यायची. तिला शिकवणीच्या खोलीतले दिवे आणि पंखे हवे होते, मिक्सर मात्र ती सोडायला तयार होती. जिन्यातला दिवा ताईने मागितला, नानांसाठी. नाना म्हणाले, त्यांचा रेडिओ सेलवर चालतो आणि ते स्वतः औषधांवर चालतात, त्यांना मोजू नका. धाकटा एसीवरून पंख्यावर उतरला. वहिनीने शिकवणीच्या खोलीत एक पंखा कमी केला आणि तो नानांच्या खोलीला दिला. ताईने स्वतःच्या खोलीतला फक्त दिवा ठेवला. ती तशीही दिवसभर मागेच असायची. सकाळी एकमेकांकडे पाठ करून बसलेली माणसं आता पंख्यांची देवाणघेवाण करत होती, आणि सोलरवाली बोटांवर हिशेब धरून मधूनच 'आता बसतंय', 'आता नाही बसत' असं म्हणत होती.

याच वेळी दादा परत आला. दारात उभा राहून त्याने थोडा वेळ ऐकलं.

"माझ्या खोलीतलं काही धरू नका," तो म्हणाला. "एक पंखासुद्धा नको."

धाकटा त्याला समजवायला उठला. ताईने त्याला हाताने थांबवलं. दादाला आग्रह केला की तो आणखी ताठ होतो, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. ती सोलरवालीला म्हणाली, "ठीक. पुढची मोठी खोली सोडा."

"ती खोली माझीही आहे म्हटलं," वहिनी म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "असू दे. वीज गेली की मी शिकवणीच्या खोलीत जाऊन झोपेन. ज्यांना घाम गाळायचाय त्यांनी गाळावा."

दादा आत गेला. पण दार आपटलं नाही, हे ताईच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा निघून गेला. ताई नानांचा चहा घेऊन जात होती तेव्हा तिला गच्चीवर पावलं ऐकू आली. वर गेली तर दादा टाकीपाशी उकिडवा बसून टेप लावत होता. तिला बघून तो उठला नाही. टेपचं दुसरं टोक धरायला सांगितलं. तिने धरलं.

दक्षिणेला का न्यायची पॅनेलं, असं त्याने विचारलं. ताईने सावलीचं सांगितलं. दादा म्हणाला की ते त्याला काल रात्रीच धाकट्याने सांगितलं होतं. ती बाई खांब बुटके ठेवणार, म्हणजे गच्ची कायमची मेली. खाली केर साठणार, ओणवं होऊन झाडायला कोण जाणार. मग त्याने हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला.

"एवढे उंच कर खांब. टाकीच्या वर गेलं सगळं की सावली पडेल कशी? टाकीही राहील, गच्चीही राहील. खाली माणूस ताठ चालेल."

"आणि वारा?" ताईने विचारलं. "एवढ्या उंचावर पत्र्यासारखं धरेल ते वाऱ्याला."

"धरेल. म्हणून खांब कुठेही उभे करायचे नाहीत. खाली घराचे कॉलम आहेत, बरोबर त्यांच्या डोक्यावर यायला हवेत. आणि तिरके आधार दोन्हीकडून." त्याने चपलेच्या टाचेने गच्चीवर एकेक जागा ठोकून दाखवली. या घराचा पहिला नकाशा त्यानेच काढला होता, कॉलेजात असताना, नानांच्या देखरेखीखाली. कुठल्या फरशीखाली काय आहे हे त्याला अजून मुखोद्गत होतं.

ताईने टेप सोडली नाही. तिने विचारलं, "पोरीला फोन केलास?"

"काल केला." दादा टेप गुंडाळायला लागला. "तिकडे संध्याकाळ असेल असं वाटलं, पण ती कामावर होती. तरी बोलली. रागावेन असं तिला वाटलं होतं. मी एवढा रागीट आहे का?"

"नाहीस. हट्टी आहेस."

"म्हणाली, बाबा, मी भेटायला येत राहीन, पण राहायला नाही." टेप पूर्ण आत गेली आणि टक्‌ करून वाजली. "तुझ्या वहिनीला सांग, खिडक्यांचं मी आता कुणाला विचारणार नाही."

"तूच सांग. ती तुझी बायको आहे."

दादा पहिल्यांदाच हसला, ओठांच्या एका कोपऱ्याने.

सोलरवालीने उंच सांगाड्याला आधी नकार दिला. लोखंड जास्त लागेल, काम वाढेल, आणि असलं काम तिने पूर्वी एका गोदामावर केलं होतं, घरावर नाही. दादाने रेखाटन पुढे सरकवलं. ती ते बघत राहिली, मग तिने दोन आधार हलवायला सांगितले आणि एक खांब जाड करायला सांगितला. दादाने एक आधार हलवला, दुसऱ्यावरून वाद घातला आणि हरला. पुढचे काही दिवस दोघं गच्चीवर एकमेकांवर आवाज चढवायचे आणि खाली येऊन एकत्र चहा प्यायचे. वहिनी ताईला म्हणाली की लग्नानंतर दादाला एवढं बोलताना तिने पहिल्यांदाच बघितलं.

पॅनेलं आली तेव्हा ताईने टेम्पोतून उतरतानाच प्रत्येकाची पाठ उलटी करून नंबर तपासले. सगळे साइटवर सापडले. पण एका पॅनेलच्या फ्रेमचा कोपरा चेपला होता, आणि काचेला त्या कोपऱ्यापाशी केसासारखी बारीक रेघ गेली होती. आणणारा माणूस म्हणाला की याने काही फरक पडत नाही, वर बसलं की दिसणारसुद्धा नाही. ताई म्हणाली की तिला दिसण्यासाठी नको आहे, त्यात पाणी शिरू नये म्हणून हवंय. आणि तिने ते परत टेम्पोत चढवायला लावलं. कामाला एक आठवडा उशीर झाला. त्या आठवड्यात तिने ना सोलरवालीला टोमणा मारला, ना स्वतः चडफडली. बदली पॅनेल आलं, ते नीट होतं, ते बसलं.

वीज कंपनीचा माणूस येऊन मीटर बदलून गेला. नानांनी जिथे सांगितली तिथे सही केली आणि आणखी एक कुठे तरी करायची आहे का, असं उगाच विचारलं. त्याच संध्याकाळी, सूर्य कलता असताना, सोलरवालीने सगळ्यांना मीटरपाशी बोलावलं आणि मेन स्विच खाली ओढला. पुढच्या मोठ्या खोलीतला पंखा फिरत फिरत मंदावला आणि थांबला. बाहेरच्या व्हरांड्यातला दिवा गेला. मागच्या खोल्यांतून मशीनचा आवाज मात्र जसाच्या तसा येत होता. त्यात खोकला नाही, उचकी नाही. ताई तरी आत जाऊन आली. तापमानाचा आकडा हलला नव्हता. तिने बाहेर येऊन सोलरवालीचा हात हातात घेतला आणि दाबला. मग ती नानांना म्हणाली, आता मी निर्धास्त दवाखान्यात जाणार, दात दाखवायला. कधीपासून दुखतोय.

महिन्याभराने खरोखरची वीज गेली. दुपार होती, बाहेर ऊन रणरणत होतं, वर पॅनेलं आपलं काम करत होती. वहिनी ठरल्याप्रमाणे उशी घेऊन शिकवणीच्या खोलीत गेली. ताई मागे एकेक ट्रे बाहेर काढून नुकती सुकलेली पिल्लं खोक्यात भरत होती. मऊ, पिवळी, हातात मावतील एवढी, आणि सगळी एकाच वेळी बोलणारी. दोन गिऱ्हाइकं दाराबाहेर थांबली होती.

तेवढ्यात दादा आला. कपाळावरून घाम निथळत होता, काखेत कागदाची गुंडाळी होती, दुसऱ्या हातात पट्टी. इतक्या वर्षांत तो या खोल्यांत कधी आला असेल तर मयताला गेल्यासारखा, दारातून डोकावून. ताईच्या कामाला तो 'तिचा तो उद्योग' म्हणायचा. तो पंख्याखाली येऊन उभा राहिला आणि पिल्लांकडे बघायला लागला. एक पिल्लू खोक्याच्या कडेवर चढून खाली पडलं. त्याने ते उचलून परत आत ठेवलं. कसं धरायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने नीट धरलं.

तो म्हणाला, "इथे एक टेबल मावेल का? लहानसं."

ताईने हातातला ट्रे मशीनवर ठेवला आणि खोलीभर नजर फिरवली, जशी ती नवं मशीन कुठे बसेल ते बघताना फिरवायची.

"खिडकीखाली मावेल," ती म्हणाली. "मशीनच्या या बाजूला नको, मला वळायला जागा लागते. आणि दादा, चपला बाहेर."

दादाने पायांकडे बघितलं, बाहेर जाऊन चपला काढल्या आणि परत आत आला.